रेकॉर्डिंग चालू असताना

आमच्या घरात रेकॉर्डिंग सुरू झालं की कुणी बोलायचं नाही, हा नियम मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत आहे. नियम बाबांचा, पाळणारे आम्ही तिघं: बाबा, आई आणि मी. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगितलं तेव्हा बाकीची पोरं चुळबुळत होती. मी अशी बसले की बाईंना वाटलं मला बरं नाही.

सुरुवात रेडिओपासून झाली. सत्तरच्या दशकात बाबांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता, चपटा, उचलायला मूठ असलेला. रेडिओवर आवडीचं गाणं लागलं की ते टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी नेऊन ठेवायचे, दोन बटणं एकदम दाबायचे आणि मोकळ्या हातानं आम्हाला गप्प करायचे. वायरबियर काही नसायची. रेडिओनं म्हणायचं आणि टेपरेकॉर्डरनं ऐकायचं, असा सरळ व्यवहार. त्यामुळे खोलीत जे वाजेल ते गाण्यात उतरायचं. आमचं घर नाशकात, द्वारकेच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. ट्रकचे हॉर्न तर उतरायचेच, शिवाय कुकरच्या शिट्ट्या, कावळे, आणि सगळ्यात जास्त आई.

आईला बोलायला फार लागायचं. ती दिंडोरीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. खळ्यात, मळ्यात, चुलीपाशी सतत कुणी ना कुणी बोलतंय अशा घरातून ती आमच्या दोन खोल्यांत येऊन पडली होती. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून आणि मुळात मितभाषी. मग तिचं बोलणं माझ्याशी, शेजारच्या काकूंशी, आणि कुणीच नसलं तर दुधाशी. "थांब रे बाबा, आले, आले," असं ती वर येणाऱ्या दुधाला म्हणायची आणि ते ऐन कडव्यात उतरायचं. बाबा रागावायचे नाहीत. कॅसेट मागे घ्यायचे आणि ते गाणं पुन्हा कधी लागलं की त्याच जागेवर नव्यानं भरायचे. आधीचं आपोआप पुसलं जायचं. आई अशी कितीतरी वेळा पुसली गेली. तिला त्याचं काही नव्हतं. "माझं काय, मी परत बोलेन की," म्हणायची.

ऐंशी उलटल्यावर नाशकात टीव्ही बरा दिसायला लागला, आमच्याकडेही आला, आणि मग मामानं व्हीसीआर आणला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मस्कतला ड्रायव्हर होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं तो खोका पलंगावर ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "दाजी, लय भारी मशीन हाय. पण मला काय इचारू नका. मला बटणं नाय कळत. मी नुसतं उचलून आणलंय."

"तुला नाय तर कोणाला कळतंय मग?" आई म्हणाली. भाऊ आला की तिची भाषा लगेच गावाकडं जायची. बाबांशी बोलताना ती जपून शहरातलं बोलायची, कारण लग्नानंतर सासरचं कुणीतरी तिच्या 'लय'ला हसलं होतं.

मशीनसोबत एक जाड पुस्तक होतं. बाबांनी ते दोन रविवार वाचलं. अँटेनाची वायर मशीनला आणि मशीनची टीव्हीला, हे त्यात आकृती काढून दाखवलं होतं, तेव्हा चित्र वायरीतून येतं हे त्यांनी मान्य केलं. आवाजासाठी मात्र त्यांना पुस्तकाची गरज वाटली नाही. आवाज कसा उतरतो ते त्यांना रेडिओच्या दिवसांपासून माहीत होतं. मशीनच्या पुढच्या अंगाला बारीक भोकांची एक जाळी होती. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि आम्हाला सांगितलं, "हा याचा कान." मग मशीन टीव्हीच्या स्पीकरच्या बरोबर खाली ठेवलं गेलं आणि रेडिओचा नियम टीव्हीला लागू झाला.

बाबा जमवायला लागले. शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी, आठवड्यातल्या आवडत्या मालिका. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा लागते. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर कागदाची पट्टी, तिच्यावर बाबांचं मोत्यासारखं अक्षर, मराठीला लाल शाई आणि हिंदीला निळी. कॅसेट भरली की तिच्या मागचा प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा ते स्क्रूड्रायव्हरनं मोडायचे. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही चढत नाही. "आता ही कायमची," असं म्हणून कॅसेट आईच्या लोखंडी कपाटात जायची, कारण बाहेर पावसाळ्यात बुरशी धरते. साड्यांचा एक खण गेला, मग दुसरा. साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या. आई म्हणायची, "चोर आला तर बिचाऱ्याची काय फजिती होईल."

या कॅसेटी आम्ही बघायचो का, असं मला नंतर कॉलेजात एकीनं विचारलं होतं. फारशा नाही. बघितल्या की मशीनचं हेड झिजतं, असं बाबांचं मत होतं. पाहुणे आले तर एखादी लागायची, तीही अर्धी.

रेकॉर्डिंगची तयारी आईकडं असायची. ट्रकचा आवाज येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावायच्या. पंखा घरघरतो म्हणून तो बंद. कुकर आधीच उतरवायचा. मोरीतला नळ ठिबकायचा, त्याच्याखाली फडकं घालायचं. मग बाबा मशीनपुढं मांडी घालून बसायचे, बोट पॉजच्या बटणावर. जाहिराती लागल्या की थांबवायचं, संपल्या की सोडायचं, म्हणजे कॅसेटवर फक्त सिनेमा राहतो. मागं भिंतीला टेकून आई, तिच्याजवळ मी, दोघी मूग गिळून. आमची खुणांची एक भाषाच तयार झाली होती. चहा हवा का, डास बसलाय, दारावर कुणीतरी आहे, थांब, नंतर सांगते, हे सगळं आम्ही हातांनी बोलायचो. आईचे हात त्यातही वाचाळ होते.

शेजारच्या काकू आधी शनिवारी सिनेमा बघायला यायच्या. त्यांना सिनेमातल्या माणसांना सल्ले द्यायची सवय होती. बाबांनी दोन-तीनदा 'श्श' केल्यावर त्या यायच्या बंद झाल्या. "तुमच्याकडं म्हणजे बाई मौनव्रत," असं त्या जिन्यात आईला म्हणाल्या. आईनं ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर दोघी जिन्यातच बोलत उभ्या राहायच्या, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या.

चुका व्हायच्या. एकदा माझ्या हातून ताट पडलं. बाबांनी नुसतं वळून बघितलं, ते पुरेसं होतं. पुढं कधीतरी ती कॅसेट लावली तर त्यात ताटाचा आवाज नव्हता. मी ते आनंदानं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "मी लगेच टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून वाचलं." त्यांचं सगळं असं पक्कं होतं. कॅसेटीत एकही हॉर्न नाही, का तर खिडक्या लावल्या होत्या. नळाचं ठिबकणं नाही, का तर फडकं. आता माणसानं यावर काय बोलायचं? आणि बोलायचं तर नव्हतंच.

या सगळ्या भरलेल्या कपाटात बाबांना हवा असलेला एक सिनेमा नव्हता. जुना, काळापांढरा, मराठी. लग्नानंतर दोघांनी बरोबर बघितलेला पहिला. फार चालला नव्हता, त्यामुळे व्हिडिओ लायब्रऱ्यांतून तो मिळत नव्हता. बाबांनी शालिमारपासून नाशिकरोडपर्यंत सगळीकडं विचारून ठेवलं होतं. मी आईला विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात.

"मला काय माहीत," आई म्हणाली. "मी सगळा वेळ यांच्या हाताकडं बघत होते, माझा हात धरतात का म्हणून."

"मग धरला?"

"मध्यंतरात चिवड्याचा पुडा दिला."

बाबा पेपरामागं होते. पेपर थोडा हलला, एवढंच.

पेपरातल्या टीव्हीच्या कार्यक्रमांत तो सिनेमा आईलाच सापडला. एप्रिल संपत आला होता, माझी कॉलेजची परीक्षा तोंडावर होती. "अहो, तुमचा सिनेमा," ती म्हणाली आणि बाबांनी उठून येऊन तिच्या खांद्यावरून ती ओळ वाचली. त्या शनिवारी बाबांनी कोरी कॅसेट आणली, पुढंमागं फिरवून सैल केली, दाढी केली. आईला सकाळपासून बरं नव्हतं. पित्त झालंय म्हणाली, लिंबूसरबत घेतलं, दुपारी जरा आडवी झाली. संध्याकाळी उठून तिनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, नळाखाली फडकं घातलं.

मी आतल्या खोलीत दार लोटून अभ्यास करत होते. सिनेमा सुरू झाला. बराच वेळ झाला, एक-दोन गाणी होऊन गेली. मग मला बाहेरून आईचा आवाज आला.

"अहो, मला लय कसंतरी होतंय."

त्यावर बाबांचं 'श्श' आलं.

आई रेकॉर्डिंगमध्ये बोलली, हे मला आधी जाणवलं. बाबांशी बोलताना ती 'लय' म्हणाली, हे त्यानंतर. मी पुस्तक ठेवून उठले. मी बाहेर येईपर्यंत जाहिराती लागल्या होत्या, बाबांनी बटण दाबलं होतं आणि ते वळून बघत होते. आई भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, चेहरा घामानं निथळत होता. पण त्या बंद खोलीत घाम आम्हा सगळ्यांनाच होता. बाबांनी तिला हलवलं. मी काकूंना हाक मारली. रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला. आई पुन्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा मोठा झटका होता. बाबांनी विचारलं, "थोडं आधी आणलं असतं तर?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "काही सांगता येत नाही," म्हणाले. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

अमरधामहून परत आल्यावर बाबांनी अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच मशीनपुढं बसले. पॉज फार वेळ राहिला की मशीन आपणहून थांबतं, तसं ते थांबलेलं होतं. बाबांनी कॅसेट काढली, स्क्रूड्रायव्हर आणला, मागचा तुकडा मोडला. पट्टी चिकटवली नाही, नाव घातलं नाही. कपाटातल्या खालच्या खणात, सगळ्यात मागं ती ठेवून दिली. घरात माणसं भरलेली होती, मामी होती, काकू होत्या. "धक्का बसलाय त्यांना," कुणीतरी हळूच म्हणालं.

दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. तिची काही इच्छा राहिली नव्हती, असं सगळे म्हणाले आणि सुटल्यासारखे घरी निघाले. मी त्या कावळ्याकडं बघत होते. त्याला भूक लागली होती, एवढंच मला दिसत होतं.

मला रडू येत नव्हतं. मामी मला जवळ घेऊन रडायची, मी तिच्या पाठीवर हात फिरवायचे. दाताचे डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल आपलाच असतो, हात लावला तर हाताला लागतो, पण गालाला काही कळत नाही. तसं मला सगळीकडूनच झालं होतं. मी परीक्षा दिली, पास झाले. आमटीत मीठ बरोबर पडायला लागलं. बाबांचा राग यायला हवा होता, तोही येत नव्हता.

तेरावं झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी बाबांनी मशीन लावलं. मी उठून खिडक्या लावल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. नळाखाली फडकं घातलं. मग भिंतीला टेकून बसले. बाबांचं बोट बटणावर होतं. लोक म्हणायचे, बरं आहे, मन रमवतात. रमवत कसले? हाताला सवय होती म्हणून हात करत होते. कुठल्या सिनेमात काय झालं हे दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. एरवी सुद्धा आम्ही फारसं बोलायचो नाही. भाजी काय आणू, वीजबिल भरलं का, छत्री ने. घरात बोलणारं माणूस एकच होतं, हे ते गेल्यावर कळलं.

श्रावणात एकदा काकू जिन्यात भेटल्या. आईची आठवण काढली, म्हणाल्या, "मला बाई अजून तिचा आवाज ऐकू येतो, खालच्या पायरीवरून." मी हो म्हटलं आणि वर आले, आणि वर येता येता मी आईचा आवाज आठवायला गेले. आला नाही. शब्द सगळे आठवत होते. ती कुठं थांबायची, कुठं हसायची, तेही. पण ते शब्द माझ्याच आवाजात ऐकू येत होते. मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहून प्रयत्न केला. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

रेडिओवरून भरलेल्या जुन्या कॅसेटी अजून माळ्यावर होत्या. त्या काढून मी एकेक लावल्या. सगळ्या स्वच्छ. बाबांनी काम चोख केलं होतं. एकीत फक्त एका गाण्याच्या शेवटी एक बांगडी वाजल्यासारखी वाटली, पण ती गाण्यातलीही असू शकेल.

म्हणजे राहिली ती एकच कॅसेट. खालच्या खणातली, बिननावाची. तिच्यात सिनेमा आहे, आणि सिनेमात एका जागी आई बोललेली आहे. 'अहो, मला लय कसंतरी होतंय.' मला तेवढं हवं होतं. नुसतं 'अहो' मिळालं असतं तरी चाललं असतं.

मी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. "नको," म्हणाले.

काही दिवसांनी मी परत विचारलं. "नको म्हटलं ना," ते म्हणाले आणि मग ताटाकडं बघत, "त्यात माझंही आहे."

"काय?"

"मी 'श्श' केलं ते."

मी म्हटलं, ते मला माहीत आहे, मी ऐकलंय, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाबांनी मान हलवली. त्यांची भीती वेगळीच होती. टीव्हीचा आवाज त्या दिवशी मोठा होता. आईनं त्याच्याही आधी हाक मारली असेल, एकदा, दोनदा, हळू आवाजात, आणि त्यांना ऐकू आली नसेल. मशीनच्या कानाला आली असेल. ते सगळं त्या कॅसेटीत असणार. ती किती वेळ तशी बसली होती, तिचा श्वास, तिचं चुळबुळणं, सगळं. हे बाबांनी मला तुटक तुटक सांगितलं आणि ताट घेऊन मोरीत गेले. त्यानंतर मी विषय काढला नाही. पण कपाट उघडताना दोघांचीही नजर खालच्या खणाकडं जायची.

त्या वर्षी आमच्याकडं दिवाळी नव्हती. सुट्टीत एका दुपारी कॉलनीत फटाके वाजत होते आणि बाबा आतून ती कॅसेट घेऊन बाहेर आले. "तुला ऐकायलाच पाहिजे," म्हणाले. "मला काय व्हायचं ते होईल." फटाक्यांचा आवाज नको म्हणून मी खिडक्या लावल्या. आम्ही दोघं मशीनपुढं खाली बसलो.

बाबांनी कॅसेट पुढं पळवली. जागा शोधावी लागणार नव्हती, जाहिरातींपाशी सिनेमा तुटलेला होता, त्याच्या थोडं आधी. नायिका विहिरीवर पाणी शेंदत होती. रहाटाचा आवाज, मग व्हायोलिन. मग कुणीतरी तिला हाक मारतं, ती वळते, आणि चित्र तुटलं. पडद्यावर मुंग्या आल्या.

आई नव्हती.

बाबांनी मागं घेतलं. आवाज वाढवला. रहाट, व्हायोलिन, हाक, मुंग्या. परत मागं. आता ते टीव्हीच्या स्पीकरला कान लावून बसले होते. 'श्श'सुद्धा नव्हतं. मग त्यांनी कॅसेट पार सुरुवातीला नेली आणि आम्ही तो अर्धा सिनेमा बसून ऐकला. बघितला नाही, ऐकला. श्वास नाही, चुळबुळ नाही, भिंतीला टेकताना व्हायची ती बांगड्यांची किणकिणही नाही. आमच्या सगळ्या कॅसेटींइतकीच स्वच्छ कॅसेट होती.

"पुसलं गेलं असेल," मी म्हटलं.

"कसं पुसेल? तुकडा मोडलाय मी."

संध्याकाळ झाली होती. बाबा उठले, एक कोरी कॅसेट घेऊन आले आणि मशीनमध्ये घातली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्यांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, आणि त्यांनी मला खूण केली: बोल. मला काही सुचेना. त्या दिव्यासमोर मी जन्मात बोलले नव्हते. शेवटी कसंबसं म्हटलं, "मी बोलते आहे." माझा आवाज मलाच परका वाटला. बाबांनी जाळीच्या तोंडाशी टाळ्या वाजवल्या. आतून ताट आणि पळी आणली आणि ताटावर पळी आपटली. बंद खोलीत तो आवाज किती तरी मोठा झाला.

मग कॅसेट मागं घेतली, लावली. बातम्या देणाऱ्या बाई शांतपणे बातम्या देत होत्या. मी नव्हते, टाळ्या नव्हत्या, ताट नव्हतं.

बाबांनी जाळीवर बोट फिरवलं, नखानं टिचकी मारून बघितली. आत बघायला वाकले. मशीन तापू नये म्हणून ती भोकं असतात, हे आम्हाला पुढं कधीतरी कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळलं की याला कान नाही. आवाजही वायरीतूनच येत होता. खिडक्या उघड्या असत्या तरी चाललं असतं. पंखा चालू असता तरी. काकूंनी मनसोक्त सल्ले दिले असते तरी. घरात माणसं बोलत राहिली असती तरी एकाही सिनेमाचं काही बिघडलं नसतं. आणि रेडिओच्या वेळी, जेव्हा आईचा आवाज खरोखर उतरत होता, तेव्हा बाबा तो पुसत होते. मी हे सगळं मनात एकापुढं एक मांडत होते आणि मला त्यातल्या कशाचंही काही होत नव्हतं.

बाबांनी पुन्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित अजून एकदा खात्री करायची असेल. तांबडा दिवा लागला. बातम्या चालूच होत्या. बाबा माझ्याकडं वळले आणि आमच्या घरात रेकॉर्डिंग चालू असताना पहिल्यांदाच साध्या, रोजच्या आवाजात बोलले.

"मग ती थांबली कशाला?" त्यांनी विचारलं. "बरं वाटत नव्हतं तर आधीच का नाही बोलली?"

मशीनला ऐकू येत नाही हे मी आत्ताच डोळ्यांनी बघितलं होतं. बोलायला काही हरकत नव्हती. उत्तरही मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या तांबड्या दिव्याकडं गेली, आणि तोंडातून शब्द फुटेना. माझा हात आपसूक वर झाला आणि मी बाबांना खूण केली: थांबा, नंतर सांगते.

बाबा माझ्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. मला सांगावं लागलं नाही. बातम्या संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच, काही न बोलता बसून राहिलो.